कयाधू रेडिओवरची अंगाई

भुजंगनं हिंगोलीत कॅसेटचं दुकान टाकलं तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. सिनेमाच्या कॅसेटी सगळेच विकत, तोही विकायचा. पण त्याचा जीव होता तो इथल्या माणसांच्या गाण्यात. कुठं सप्ता बसला, कुठं जयंतीला गायनपार्टी आली, कुठल्या तांड्यावर होळीची गाणी रंगली, की भुजंग खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून हजर. माईक धरून तो गाणाऱ्याच्या इतका जवळ जाऊन बसे की लोक म्हणत, ह्याला गाणं ऐकायचं नाही, खायचं आहे. घरी येऊन तो त्याच्या कॅसेटी तयार करायचा आणि वरच्या कागदावर गावाचं नि गाणाऱ्याचं नाव लिहायचा. नव्वदच्या दशकात सेनगाव-वसमतच्या बाजारांत त्या बऱ्यापैकी खपल्या.

मग सीडी आल्या, त्यामागं मोबाईल आले, आणि कॅसेट मागायला कोणी येईना. मुलगा बजरंग यानं दुकानात कॉम्प्युटर आणून मोबाईलच्या कार्डात गाणी भरून द्यायचा धंदा सुरू केला. भुजंग मागच्या फळ्यांपाशी स्टुलावर बसून आपल्याच कॅसेटी आपणच ऐकू लागला.

बजरंगचं लग्न झालं ते परभणीच्या साधनाशी. बी.एस्सी. झालेली, कॉम्प्युटर शिकलेली. ती आली तसा कॉम्प्युटर तिच्याकडं गेला आणि बजरंग मोबाईल दुरुस्तीत रमला. घराच्या रीतीप्रमाणं सासरा सुनेशी थेट बोलत नसे. चहा पाहिजे असला की भुजंग भिंतीकडं बघून म्हणायचा, "चहा झाला असता तर बरं झालं असतं." आणि साधना भिंतीसाठी केल्यासारखा चहा आणून ठेवायची. असं वर्षभर चाललं.

एके दिवशी ती कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाली, "मामा, कॅसेटींना बुरशी चढून राहिली. मी एकेक करून ह्याच्यात उतरवून ठेवू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरशेजारी कॅसेटींची एक चळत ठेवलेली होती, प्रत्येक पुसून लखलखीत केलेली.

तिथून दोघांचं काम जुळलं. भुजंग कापसानं रीळ पुसायचा, सैल झालेली रीळ पेन्सिल घालून गुंडाळायचा. साधना टेपची वायर कॉम्प्युटरला जोडून गाणं आत घ्यायची. काम करता करता भिंत मधून केव्हा निघून गेली ते दोघांनाही कळलं नाही. हा गाणारा कुठला, ती ढोलकी कुणाची, कुठल्या गावात गाण्याच्या मध्येच बैल सुटून मांडवात शिरला होता, भुजंग सांगत राहायचा. साधना हसायची, आणि आत स्वयंपाकघरात सिंधूबाई, भुजंगची बायको, भांडी जरा जोरानं आपटायची.

दोन हजार आठच्या दिवाळीत दुकानात भीमराज आला. तो कुरुंद्याचा. मस्कतमध्ये एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होता, सुट्टीवर आला होता. त्याचे वडील नरसिंग यांची एके काळी वसमत तालुक्यात नावाजलेली गायनपार्टी होती.

"काका," तो म्हणाला, "बापू गेले त्याला सहा वर्षं झाली. घरात त्यांचा फोटो हाये, आवाज न्हाई. तुमी एकदा रेकॉर्ड केलं होतं म्हने."

"एकदा न्हाई, तीनदा," भुजंग म्हणाला. "साधना, लाव बरं."

साधनानं लावलं. आधी हार्मोनियमचा भाता, मग एक खाकरणं, मग नरसिंगचा खडा आवाज: "कुरुंद्याच्या माय-माऊल्यांनो, जरा पुढं सरकून बसा." भीमराज काउंटरला टेकून उभा होता तो खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. भुजंग उठून बाहेर गेला आणि तीन चहा सांगून आला.

गाणं संपल्यावर भीमराज म्हणाला, "हे मला तिकडं रोज ऐकायला पायजे."

"सीडी करून देते ना," साधना म्हणाली.

"सीडी मी घेतोच. पन तिकडं आपल्याकडची लई लोकं हायेत. पुण्यात, बेंगलोरला हायेत. समद्यांला कुठं सीडी देत बसता? इंटरनेटवर रेडिओ काढा. तुमी हितून गाणं लावायचं, ते तिकडच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर जातं, अन् तिथून ज्याला पायजे त्यानं ऐकायचं. त्या मोठ्या कॉम्प्युटरचं भाडं मी भरतो. बापूचं रोज एक गाणं लावायचं, एवढंच."

भुजंगला त्यातलं रेडिओ तेवढं समजलं. त्यानं साधनाकडं पाहिलं. "जमंल का?"

"जमवू, मामा."

जमवायला दीड महिना गेला. टेलिफोनवाल्यांकडून इंटरनेटची ब्रॉडबँड लाइन घेतली, भीमराजनं मस्कतहून फोनवर एकेक गोष्ट सांगितली, साधनानं ती करून पाहिली, बिघडवली, पुन्हा केली. नाव भुजंगनं ठेवलं. गावाशेजारून वाहते ती नदी म्हणून कयाधू रेडिओ. साधनानं इंटरनेटवर त्याचं एक साधं पान तयार केलं. त्यावर ऐकायचं बटण होतं आणि खाली निरोप लिहायला जागा. किती जण ऐकून राहिले तो आकडा फक्त तिच्या कॉम्प्युटरवर दिसायचा.

पहिल्या दिवशी आकडा दोन होता. एक भीमराज, पण दुसरं कोण? भुजंग हरखला. तो दुसरा माणूस मोठा निष्ठावान निघाला. सकाळी दुकान उघडलं की हजर, बंद होईपर्यंत जागचा हलत नसे. भुजंग त्याला उद्देशून बोलू लागला. "आमचे जे एक श्रोते सकाळपासून बसून आहेत, त्यांनी आता जेवून घ्यावं." आठवड्यानं साधनाच्या लक्षात आलं की आवाज नीट जातो का ते बघायला तिनं स्वतःच्याच कॉम्प्युटरवर रेडिओ लावून ठेवला होता. तो दुसरा श्रोता म्हणजे त्यांचाच कॉम्प्युटर. तिनं भीत भीत सांगितलं.

"म्हन्जे मी त्याला आठ दिवस जेवाय सांगून राहिलो."

"व्हय, मामा."

पहिल्यांदा त्या घरात सासरा आणि सून मिळून मोठ्यानं हसली. सिंधूबाई बाहेर येऊन बघून गेली.

पण ऐकणारे वाढले. भीमराजनं मस्कतमध्ये सांगितलं, त्यांनी आपापल्या गावी फोन केले, गावच्यांनी पुण्यातल्या पोरांना कळवलं. कोणी लिहिलं, तांड्यावरची गाणी लावा. कोणी लिहिलं, गोरेगावच्या भजनी मंडळाचं लावा, त्यात माझा चुलता टाळ वाजवतो. टाळ कसा ओळखू येणार, पण भुजंगनं त्या चुलत्याचं नाव घेऊन गाणं लावलं आणि त्या पोरानं लिहिलं की ओळखू आला.

अडचण होती ती विजेची. रोज ठरलेल्या वेळी लाइन जायची, कधी न ठरलेल्या वेळीही. गाणं ऐन रंगात आलं की रेडिओ मुका. ऐकणारे कंटाळून निरोप टाकायचे: काका, कुठं गेलात? इन्व्हर्टर घ्यायचा तर दुकानाला परवडणारा नव्हता.

"मामा, लोकांना मदत मागा," साधना म्हणाली. "ऐकणाऱ्यांच्याच आधारावर चालणारे असे रेडिओ असतात. भीमराजदादांनी सांगितलंय."

"मागतो की."

तो माईकसमोर बसला, खाकरला आणि म्हणाला, "मंडळी, आपलं बरं चाललंय. तुमी कसे हाव?" मग गाणं लावलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तो "मंडळी, थोडी तकलीफ हाये" इथवर पोचला आणि पुढं त्यानं पाऊसपाण्याचं विचारलं.

शेवटी साधनानं माईक आपल्याकडं ओढला. डोक्यावरचा पदर नीट केला, जणू समोर माणसं बसलीत. "नमस्कार. मी साधना बोलतेय, इथली सून. मामांना मागायला लाज वाटते म्हणून मी मागते. लाइट गेली की रेडिओ बंद पडतो. बंद पडू नये वाटत असेल तर ज्याला जे जमेल ते करा."

अकोल्याला शेषराव म्हणून एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर होते. मूळ पुसेगावचे. त्यांनी आपल्या घरचा इन्व्हर्टर बॅटरीसकट ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकून हिंगोलीला पाठवून दिला. सोबत निरोप: आमच्याकडं आता लाइट कमी जाते. बॅटरी जुनी आहे, पाणी बघत जा. मस्कतच्यांनी मिळून नवीन माईक पाठवला. पुण्याच्या पोरांनी पानाचं वर्षाचं भाडं आपल्याकडं घेतलं. भुजंगनं त्या सगळ्यांची नावं रेडिओवर इतक्या वेळा घेतली की शेषरावांनीच लिहिलं, आता बस करा, गाणं लावा.

सिंधूबाईला ह्यातलं काही आवडत नव्हतं. तिच्या दृष्टीनं घरात एक पाहुणा येऊन बसला होता जो जातच नव्हता. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात ती शेजारणींबरोबर डाळ निवडायची, ती जागा माईकनं घेतली. भुजंग बोलत असला की भांडं वाजवायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, कुकर लावायचा नाही.

"माझ्या घरात मी चोरावानी वावरून राहिले," ती म्हणायची.

एकदा चिडून तिनं ऐन कार्यक्रमात खलबत्ता घेतला आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला लागली. भुजंगनं हातवारे केले. तिनं आणखी जोरानं कुटली. संध्याकाळी साधनानं निरोप वाचून दाखवले. चौघांनी त्या आवाजाबद्दल विचारलं होतं. एकानं लिहिलं होतं की आवाज ऐकून भूक लागली आणि आता हॉस्टेलच्या जेवणात मन लागत नाही.

"आत्या, बघा," साधना म्हणाली.

"मला काय करायचं," सिंधूबाई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनं त्याच वेळेला तीळ कुटायला घेतले.

पुढच्या पावसाळ्यात मस्कतहून बातमी आली की भीमराजला मुलगा झाला. त्याची बायको ज्योती तिथंच नर्स होती. ज्योतीच्या आईला व्हिसा मिळाला नव्हता, त्यामुळं बाळंतपण दोघांनीच निभावलं. दिवाळीच्या सुमारास ज्योतीचा निरोप आला.

काका, बाळ दुपारी झोपत नाही. माझी आजी कुरुंद्याकडंच हळदीच्या शेतात कामाला जायची, तिथं झाडाला झोळी बांधून मला झोपवताना एक अंगाई म्हणायची. मला दोनच ओळी आठवतात. हळदीच्या रानात गं, पिवळं झालं ऊन, माझ्या गं सोनुल्याला, नीज आली कुठून. पुढचं आठवत नाही, मी तेच तेच म्हणते आणि ते माझ्याकडं बघत बसतं. तुमच्याकडं असेल तर लावा.

भुजंग खुशीत फळ्यांकडं गेला. कुरुंद्याचं मागितलं आणि त्याच्याकडं नाही असं कसं होईल. त्यानं संध्याकाळपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं. तिसऱ्या दिवशी तो स्टुलावर येऊन बसला.

"न्हाई?" साधनानं विचारलं.

"एकबी न्हाई. हीच न्हाई असं न्हाई. माझ्याकडं अंगाईच न्हाई." तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "मी गेलो ते मांडवात, पारावर, चौकात. तिथं अंगाई कोन म्हननार?"

हे त्याला फार लागलं. त्या दिवशी त्यानं रेडिओवर नेहमीसारखं काही पाल्हाळ न लावता ज्योतीच्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, "मंडळी, हे माझ्याकडं न्हाई. तुमच्यापैकी कुनाच्या घरी असंल तर इचारा."

पोरांनी आपापल्या आयांना फोन केले. निरोप येऊ लागले. वसमतहून एक ओळ आली, नांदेडहून दुसरी. पुण्याच्या एकानं आईला फोनवर गायला लावलं आणि ते रेकॉर्ड करून पाठवलं, आई मध्येच म्हणाली, "अरे, दुधवाला आला, थांब." शेषरावांनी आपल्या बायकोकडून चार ओळी मिळवल्या, पण त्या दुसऱ्याच गाण्याच्या निघाल्या. साधना आणि भुजंग दुकानात बसून ते तुकडे जुळवत होते. ही ओळ आधी की ती? नदी आधी येते की चिंचेचं झाड?

सिंधूबाई आत भाकरी थापत होती. दोघांची चर्चा तिच्या कानावर पडत होती. नदी, चिंच, पुन्हा नदी. शेवटी ती पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

"काहून त्या गाण्याचे हाल करून राहिलात?"

"हे कुरुंद्याकडचं हाये," भुजंग म्हणाला. "तुला न्हाई समजायचं."

"माझं माहेर कुठलं?"

तिचं माहेर कुरुंद्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर होतं. तीस वर्षांपूर्वी भुजंग तिथं वरात घेऊन गेला होता.

"माय हळद शिजवायला जायची, तवा मी धाकट्याची झोळी हलवीत बसायची," सिंधूबाई म्हणाली. "नदी आधी. आन ते 'पैंजण' कोन म्हन्लं? लेकराच्या गाण्यात पैंजण कुठून येतंय. वाळे." आणि तिनं दाराच्या चौकटीला टेकून, अगदी हलक्या आवाजात, म्हणून दाखवलं:

*नीज आली नदीच्या गं, पाण्यातून चालून,*
*पायातले वाळे तिनं, ठेवले काढून.*

*काढून ठेवले वाळे, चिंचेच्या झाडाखाली,*
*शेळीच्या करडालाबी, झोप लागून गेली.*

आणखी दोन कडवी होती. साधनाचा हात कॉम्प्युटरवर तसाच राहिला. भुजंग आपल्या बायकोकडं असा बघत होता की जणू ही बाई आत्ताच बसमधून उतरून दुकानात आली.

"तुला गाता येतं?"

"येतं."

"कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी कधी इचारलं? बारा गावच्या लोकायच्या तोंडापुढं माईक धरला. घरात मी हाये का न्हाई, हेबी बघितलं न्हाई." ती रागानं बोलत नव्हती. तव्यावरची भाकरी करपेल म्हणून घाईत होती, एवढंच.

त्या दिवशी जेवण झाल्यावर भुजंगनं आपलं ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवलं. सिंधूबाईनं साधनाकडं पाहिलं. साधनानं हसू दाबत छताकडं बघितलं.

"बजरंगची माय," भुजंग मोरीपाशीच उभा राहून म्हणाला, "रेडिओवर म्हनशील का?"

"न्हाई."

"काहून?"

"लेकरू नसताना झोळी हलवू नये. अपशकुन असतो. कुनाला झोपवायचं, तुमच्या माईकला?"

साधना मध्ये पडली. "आणि लेकरू असलं तर?"

"असलं तर मग म्हनीन. पन खरं असावं. निजेला आलेलं."

शेजारी प्रेमसिंग राहायचा. हिंगोली डेपोत ड्रायव्हर, मूळचा सेनगावकडच्या तांड्यावरचा. त्याची मुलगी सहा महिन्यांची होती आणि झोपायच्या बाबतीत गल्लीत बदनाम होती. साधना विचारायला गेली तेव्हा तिची आई हसून म्हणाली, "वहिनी, झोपवणार असाल तर आत्ताच घेऊन जा. परत आणायची घाई करू नका."

शुक्रवारची दुपार ठरली, कारण मस्कतला शुक्रवारी सुट्टी असते. भुजंगनं चार दिवस आधीपासून रेडिओवर सांगून ठेवलं. दुकानात छताच्या कडीला सिंधूबाईनं आपल्या मऊ झालेल्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. नवीन माईक वरच्या फळीला दोरीनं लटकवला. बजरंग दुकानाबाहेर पायरीवर बसला. कार्डात गाणी भरायला येणाऱ्यांना तो ओठांवर बोट ठेवून परत पाठवत होता. दोघं-तिघं परत न जाता त्याच्या शेजारीच बसले.

प्रेमसिंगची मुलगी झोळीत घातली तेव्हा टक्क जागी होती. तिनं माईक पाहिला आणि तो धरायला हात वर केले.

भुजंगनं कानाला हेडफोन लावला आणि सुरुवात केली, "मंडळी, आज आपल्यासमोर—"

"हळू," सिंधूबाई म्हणाली. ते सगळ्या जगाला ऐकू गेलं.

तिनं झोळीला झोका दिला आणि अंगाई सुरू केली. पहिल्या ओळीला तिचा आवाज थोडा घाबरला होता, दुसऱ्या ओळीला ती माईक विसरली. कडी कुरकुरत होती, त्या कुरकुरीच्या तालावर गाणं चाललं होतं. हळदीचं रान झालं, नदी झाली, वाळे झाले, शेळीचं करडू झोपलं. गाणं संपलं. मुलगी खदखदून हसली.

भुजंगनं खूण केली की आता मी बोलतो. सिंधूबाईनं मान हलवून नाही म्हटलं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा संपलं तेव्हा मुलगी आपला अंगठा चोखत होती. तिसऱ्यांदा सिंधूबाईला त्याच त्याच कडव्यांचा कंटाळा आला असावा, कारण तिनं नवीन जोडायला सुरुवात केली. अशीच तर जुळायची ती गाणी, शेतात, झोळीपाशी.

*आजा तुझा गं बाई, मोठा रेडिओचा धनी,*
*बारा गावं फिरला, घरचं ऐकलं न्हाई कुनी.*

पायरीवर बजरंगनं तोंडावर रुमाल धरला. साधनानं हळूच सासऱ्याकडं पाहिलं. भुजंग हेडफोनवर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून बसला होता, आणि हसत होता.

आणि लाइन गेली. कॉम्प्युटर शेषरावांच्या बॅटरीवर चालूच राहिला, पण पंखा त्याला जोडलेला नव्हता. पंखा थांबला तशी मिटत आलेले डोळे उघडून मुलीनं मोठा सूर लावला. तोही मस्कतपर्यंत गेला. सिंधूबाई गात राहिली. भुजंग उठला, हेडफोनची वायर गळ्यात अडकली ती सोडवली, एक पुठ्ठा घेतला आणि झोळीपाशी उभा राहून वारा घालू लागला. बराच वेळ घातला. रडणं मुसमुसण्यावर आलं, मुसमुसण्याचे उसासे झाले, आणि मग तेही थांबले.

सिंधूबाईनं गाणं हळूहळू नुसत्या गुणगुणण्यावर आणलं आणि मग थांबवलं.

आता पंचाईत झाली. भुजंगला आभार मानायचे होते, ज्योतीचं नाव घ्यायचं होतं, पुढचं गाणं सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. सिंधूबाईनं डोळे वटारले. साधनानं पुढचं गाणं लावायला हात नेला; तिलाही तेच. मग कोणी काही केलं नाही. कयाधू रेडिओवरून कडीची कुरकुर, पुठ्ठ्याचा वारा आणि एका मुलीचा श्वास, एवढंच जात राहिलं.

साधनाला वाटलं, आता ऐकणारे उठून जातील. तिनं आकड्याकडं पाहिलं. आकडा वाढत होता. निरोप येऊ लागले. मस्कतहून ज्योतीनं लिहिलं: बाळ झोपलं. भीमराजपण झोपले. बंद करू नका. शेषरावांनी लिहिलं: मला खुर्चीतच डुलकी लागली, बायको उठवून राहिली, उठवू नको असं तुम्हीच तिला सांगा. पुण्याहून एकानं लिहिलं की ऑफिसात हेडफोन लावून ऐकून राहिलो आणि आता घरी फोन करतो. साधना एकेक निरोप कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून दोघांपुढं धरत होती. सिंधूबाईला वाचता येत नव्हतं. भुजंग तिच्या कानाशी लागून, आवाज न करता, नुसत्या श्वासानं वाचून दाखवत होता. इतक्या वर्षांत तो तिच्याशी इतकं हळू कधी बोलला नव्हता.

मुलगी उठली तेव्हा चार वाजून गेले होते. तिची आई दोनदा येऊन बघून गेली होती आणि दोन्ही वेळा खुशीत परत गेली होती.

त्या शुक्रवारनंतर लोक अंगाईच मागू लागले. सिंधूबाईनं दर शुक्रवारी यायचं कबूल केलं, पण तिच्या अटी होत्या. बाळ खरं पाहिजे. पंखा बॅटरीला जोडायचा. आणि कार्यक्रम सोडून बाकीच्या वेळी दुकानातला तो कोपरा तिचा, डाळ तिथंच निवडणार. हिंगोलीतल्या आया लेकरांना घेऊन येऊ लागल्या. काही जणी आपापल्या अंगाया घेऊन आल्या. प्रेमसिंगच्या बायकोनं गोरमाटीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, म्हटली. जयंतीच्या गाण्यांच्या चालीवर अंगाई म्हणणारी एक आजी कळमनुरीहून आली. भुजंगचं काम आता एवढंच उरलं की सुरुवातीला नाव सांगायचं आणि मग गप्प बसायचं. तेही तो चांगलं करू लागला.

जत्रा-सप्ते सोडून आता घराघरात जायचं, बायकांची गाणी घ्यायची, असं त्यानं ठरवलं. पहिली फेरी पुसेगावला, तिथं मेंढरं राखणाऱ्या स्वतःच्या भावाच्या घरी. बजरंगनं ओळखीची जीप सांगितली. सिंधूबाई पुढं बसली, साधना माईकची पिशवी मांडीवर घेऊन मागं, आणि भुजंग तिच्या शेजारी. तिथं पोचल्यावर गल्लीतल्या बायका जमल्या. पण भुजंग आत येऊन बसला तशा त्या एकमेकींच्या आड लपू लागल्या.

"मामा, तुम्ही बाहेर थांबा," साधना म्हणाली. "तुमच्यापुढं म्हणत नाहीत त्या."

"मग मी ऐकू कसं?"

साधनानं हेडफोनची लांब वायर खिडकीच्या गजांतून बाहेर सोडली. भुजंग अंगणात बाजेवर बसला. भाऊ मेंढरांना पाणी पाजून आला तेव्हा भुजंग कानाला हेडफोन लावून मान डोलवत होता. आत कुणीतरी नवऱ्याच्या आळसावरचं गाणं धरलं होतं, आणि सिंधूबाईचा आवाज सगळ्यांत वर होता.

"काय म्हनून राहिल्या?" भावानं विचारलं.

भुजंगनं एका कानावरचा हेडफोन काढून त्याच्या कानाला लावला. दोघं भाऊ एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून ऐकू लागले. थोड्या वेळानं भाऊ हसायला लागला, आणि भुजंगनं त्याच्या तोंडावर हात ठेवला, कारण आत रेकॉर्डिंग चालू होतं.